दर तीन मिनिटांना एक चमचा

२०२५ च्या जानेवारीत, संक्रांतीनंतरच्या रविवारी, आमच्या सांगलीच्या घरी लेकीचे बोरन्हाण झाले. ती तेव्हा सतरा महिन्यांची होती. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घालून तिला पाटावर बसवले, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि गोळ्या ओतल्या आणि गल्लीतल्या दहाबारा मुलांनी सतरंजीवर झेप घेऊन जे हाताला लागेल ते वेचले व तोंडात घातले. तिला आजार तिथूनच लागला असे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्यांतल्या दोन मुलांना उलट्या सुरू झाल्याचे कळले आणि त्याच रात्री एक वाजून चाळीस मिनिटांनी माझी मुलगी अंथरुणात उठून बसली व तिने रात्रीचे सगळे जेवण गोधडीवर ओकून टाकले.

पहिल्या उलटीनंतर मी जे केले ते चुकीचे होते, आणि ती चूक अगदी मायेपोटी होते म्हणूनच ती आधी सांगते. तिचे तोंड पुसून कपडे बदलताच ती "पाई, पाई" म्हणून पाणी मागू लागली. एवढी उलटी झाली आहे, घसा कोरडा पडला असेल, असे वाटून मी तिच्या हातात अर्धे फुलपात्र पाणी दिले. ते तिने दोन्ही हातांनी धरून एका दमात संपवले आणि मला बरे वाटले. दहा मिनिटांच्या आत ते सगळे पाणी, जसेच्या तसे, पहिल्यापेक्षा जास्त जोराने बाहेर आले. पुन्हा तहान, पुन्हा पाणी, पुन्हा उलटी. तीन वाजेपर्यंत पाच उलट्या झाल्या होत्या आणि शेवटच्या दोन उलट्यांत पाणी व थोडा चिकट फेस यांशिवाय काही नव्हते. पोटाला सूज आलेली असताना ते एकदम भरले की ताणले जाते आणि आत आलेले सगळे बाहेर फेकते, ही साधी गोष्ट मला त्या वेळी कोणी सांगितलेली नव्हती. मी तिला पाणी देत नव्हते, तर दर वेळी नवी उलटी देत होते.

माझे यजमान कुपवाडच्या एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला गेले होते. घरात मी आणि सासूबाई. त्या आवाजाने उठून आल्या, त्यांनी मुलीला मांडीवर घेतले आणि फडताळातले औषधांचे डबे मला खाली काढायला लावले. मागच्या पावसाळ्यात अतिसार नियंत्रणाच्या मोहिमेत आशाताई घरोघर ओआरएसची पाकिटे वाटून गेल्या होत्या. पाकीट माझ्या हातात देताना त्या जे बोलल्या होत्या ते मी तेव्हा अर्धवट ऐकले होते, पण पाकीट दिसताच त्यांचे शब्द आठवले: "ताई, उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्याचमच्यानं पाजा. पण पाजायचं बंद करू नका."

पाकिटावर एक लिटर पाण्यात संपूर्ण पावडर विरघळवण्याची सूचना होती. एवढीशी पोर रात्रीतून एक लिटर कुठे पिणार, असा विचार करून मी चतुर्थांश पावडर एका पेल्यात घालायला निघाले होते. सासूबाईंनी हात धरला. "लिहिलंय तसंच कर. अंदाजानं नको," एवढेच त्या म्हणाल्या. त्यांचे म्हणणे किती बरोबर होते ते मला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडून समजले. पाकिटात मीठ, ग्लुकोज, पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट हे चार पदार्थ एकत्र असतात; चमच्याने अंदाजे चौथा हिस्सा काढला तर त्यात चारही पदार्थ ठरलेल्या प्रमाणात येतीलच याची खात्री नसते. शिवाय पाणी कमी पडून द्रावण दाट झाले तर मिठाचे प्रमाण धोकादायक वाढते आणि पाणी जास्त झाले तर द्रावणाचा उपयोग उरत नाही. म्हणून उरलेले फेकावे लागले तरी चालेल, पण मिसळायचे ते पूर्ण पाकीट आणि मोजून एक लिटर. पातेल्यात पाणी उकळले, गार पाण्याने भरलेल्या परातीत ते पातेले ठेवून लवकर निववले, पिण्याच्या पाण्याच्या एक लिटरच्या धुतलेल्या बाटलीने मोजले आणि मगच पावडर घातली. पावडर घातल्यावर द्रावण उकळायचे नसते, आणि केलेले द्रावण चोवीस तासांनंतर ठेवायचे नसते. मी बाटलीवर चिकटपट्टी लावून वेळ लिहिली: ३.१०.

त्या रात्रीची सर्वांत अवघड वेळ उलटीची नव्हती, उलटीनंतर थांबण्याच्या त्या दहा मिनिटांची होती. मूल तहानेने रडत असते, भरलेली बाटली समोर असते आणि आईने घड्याळाकडे पाहत बसायचे असते. ती माझ्या हातातली वाटी ओढत होती, मी ती पाठीमागे धरत होते. सासूबाई तिला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होत्या आणि फेऱ्या मारता मारताच त्यांनी मला एक गोष्ट सांगितली, जी लग्नाला सहा वर्षे होऊनही मी ऐकलेली नव्हती. त्यांना एक धाकटा भाऊ होता. तो दोन वर्षांचा असताना त्याला ढाळ लागले. पोटात काही गेले की ढाळ वाढतात, तेव्हा पोट रिकामे ठेवायचे, पाणीसुद्धा द्यायचे नाही, अशी गावातल्या वडीलधाऱ्यांची समजूत होती आणि सगळ्यांनी ती त्याच्या भल्यासाठीच पाळली. सासूबाई तेव्हा सातआठ वर्षांच्या होत्या. तो पाण्याच्या घागरीकडे हात करायचा, एवढेच त्यांना आठवते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो गेला. "त्याला कुणी उपाशी मारलं नाही गं," त्या म्हणाल्या, "कुणाला ठाऊकच नव्हतं." मी काही बोलू शकले नाही. तीन वाजून पंचवीस मिनिटांनी आम्ही पहिला चमचा दिला.

चमचा म्हणजे औषधाच्या बाटलीबरोबर येणारा पाच मिलीचा, खुणा असलेला चमचा. पहिला तासभर दर पाच मिनिटांना एक, म्हणजे तासाला साठ मिली. ऐकायला हे इतके थोडे वाटते की हाताला घाई सुटते. मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला तेव्हा धीर आला. दहा किलोच्या निरोगी मुलाला दिवसभरात साधारण एक लिटर पाणी लागते, म्हणजे तासाला चाळीसएक मिली. याचा अर्थ, पाच मिनिटांना एक चमचा पोटात टिकला तरी रोजची गरज भागून थोडे उरत होते. तीन मिनिटांना एक दिला तर तासाला शंभर मिली होतात आणि गेलेले पाणीही भरून निघू लागते. पाण्याचा जो पेला तिने एका दमात पिऊन ओकून टाकला होता, तेवढेच पाणी एक तास लावून दिले तर पोटात राहते. हे समजल्यावर चमच्याकडे पाहण्याची माझी नजर बदलली.

त्याच पानावर मी चार रकाने आखले: वेळ, किती दिले, उलटी, शू. रात्री जागरणाने डोके चालत नाही आणि "मघाशी दिले होते की नाही" एवढेही आठवत नाही. शिवाय घाबरलेल्या मनाला दर उलटी शेवटच्यासारखी वाटते. कागदावर पाहिले की दोन उलट्यांमधले अंतर वाढते आहे हे दिसते. आमच्या पानावर ४.३५ ला उलटी आहे, नंतर ६.१० ला. पहिल्या पाच उलट्या ऐंशी मिनिटांत झाल्या होत्या, त्या मानाने हे अंतर मोठे होते.

४.३५ ची उलटी पाहून मात्र मी रडले. तासाभराचे बारा चमचे वाया गेले असे वाटले. सासूबाईंनी गोधडीवरचा ओला भाग बोटाने दाखवला आणि म्हणाल्या, "बघ तरी, केवढंसं आहे. बाकीचं पोटातच आहे." मी प्रयोग म्हणून तेवढेच चमचे पाणी कोरड्या फडक्यावर ओतून पाहिले. साठ मिली पाण्याने जेवढे फडके भिजले त्याच्या निम्मेही गोधडी भिजली नव्हती. उलटी दिसायला नेहमी मोठी दिसते. चमच्याने दिलेले पाणी आतड्यात उतरत राहते आणि उलटीत पोटातला उरलेला भागच बाहेर येतो, म्हणून उलटी झाली की दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरुवात करायची आणि आधीपेक्षा सावकाश द्यायचे.

पाचच्या सुमारास तिने ओआरएस तोंडातून थुंकायला सुरुवात केली. चव खारट, वर झोप आलेली. सासूबाईंनी त्यांच्या माहेरचे चांदीचे बोंडले काढले, ज्याने माझ्या यजमानांनाही गुटी पाजली होती. मुलीला त्याची चोच ओळखीची होती, तिने तोंड उघडले. पण ती मांडीवर आडवी होती, बोंडल्यातून धार अंदाजापेक्षा जास्त गेली आणि तिला जोराचा ठसका लागला. त्या एका ठसक्याने माझा जीव उडाला. त्यानंतर तिला नेहमी उभे धरून किंवा बसवूनच पाजले. चमच्याऐवजी सुई काढलेली पाच मिलीची सिरिंज घेतली, तिचे टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून एकेक मिली सोडले आणि गिळल्याचे पाहूनच पुढचे दिले. घशात सरळ धार सोडायची नाही, आणि मूल गाढ झोपेत असताना तोंडात काहीही घालायचे नाही. ती वीस मिनिटे झोपली तर झोपू दिले. द्रावण थोडे गार केल्यावर तिला ते जास्त आवडले. वाटीत घालून फ्रीजमध्ये गोठवले आणि चमच्याने खरवडून त्याचा बर्फाचा कीस जिभेवर ठेवला तेव्हा तर तिने स्वतःहून तोंड पुढे केले. त्यात साखर, सरबत किंवा रस मिसळण्याचा मोह आवरला, कारण त्याने प्रमाण बिघडते.

अंगातले पाणी किती कमी झाले आहे ते ओळखण्याची खरी खूण म्हणजे लघवी, आणि तीच आजच्या डायपरमध्ये दिसत नाही. डायपर सगळे शोषून घेतो आणि वरून कोरडाच राहतो. सासूबाईंनी तो काढून जुन्या सुती लुगड्याचा लंगोट बांधला आणि आत पुढच्या बाजूला कापसाचा बोळा ठेवला. त्याचा उपयोग मला संध्याकाळी जुलाब सुरू झाल्यावर पटला: पाण्यासारखी शी झाली की शू वेगळी ओळखता येत नाही, पण बोळा पुढे असला तर लघवी झाली आहे का आणि तिचा रंग कसा आहे ते कळते. टाळूवरून काही कळेना, कारण ती जवळजवळ भरत आली होती. रात्री नऊला झालेली शू ही शेवटची नोंद होती. सकाळी साडेसातपर्यंत बोळा कोरडाच होता. तोवर वहीप्रमाणे दोनशे दहा मिली दिले होते, तिची जीभ चिकट झाली होती, आणि रडताना डोळ्यांत पाणी अगदी थोडे येत होते. आता घरी थांबायचे नाही हे आम्ही दोघींनी ठरवले.

यजमान पाळी संपवून येताना औषधाच्या दुकानातून कागदी खोक्यातले, संत्र्याच्या चवीचे एक पेय घेऊन आले. मी फोनवर "ओआरएस आणा" म्हटले होते आणि खोक्यावर तीच अक्षरे मोठी छापलेली होती. दुकानदाराने ते विश्वासानेच दिले. मुलीने शंभर मिली आवडीने प्यायले. दवाखान्यात डॉक्टरांनी ते खोके उलटे करून मागची बारीक अक्षरे मला वाचायला लावली: शंभर मिलीमध्ये दहा ग्रॅमहून अधिक साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात एका लिटरमध्ये साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असते, म्हणजे शंभर मिलीला दीड ग्रॅमही नाही. इतके गोड पाणी आतड्यात गेले की ते शरीराला पाणी देण्याऐवजी शरीरातले पाणी आतड्यात ओढून घेते आणि जुलाब वाढतात. कोल्ड्रिंक, खोक्यातले फळांचे रस, नुसती ग्लुकोजची पावडर यांच्याबद्दलही त्यांनी हेच सांगितले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात व वेष्टनावर ओआरएस ही अक्षरे वापरायला मनाई केली, त्यामागे हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ डॉक्टरांचा अनेक वर्षांचा पाठपुरावा होता. ती बातमी वाचताना मला आमचे ते खोके आठवले आणि मी मनोमन त्यांचे आभार मानले.

डॉक्टरांनी आधी वजन केले: नऊ किलो चारशे ग्रॅम. दोन आठवड्यांपूर्वी डोसाच्या वेळी ते नऊ किलो आठशे होते. त्यांनी डोळे, जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती किती लवकर सपाट होते ते पाहिले, बोटाचे नख दाबून रंग किती वेळात परत येतो ते पाहिले, पोट हाताने चाचपले. थोडे निर्जलीकरण आहे, तीव्र नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. तोवर माझ्या आत्याबाईंचे दोन फोन येऊन गेले होते: "सलाइन लावून टाका, लगेच तरतरी येईल." मीही तेच विचारले. डॉक्टर म्हणाले, "ताई, ती शुद्धीवर आहे, तहान आहे, गिळते आहे. तोंड उघडं असताना शीर कशाला शोधायची?" मूल मलूल होऊन पिऊच शकत नसेल, पाजलेले सगळेच उलटून टाकत असेल किंवा निर्जलीकरण तीव्र असेल तेव्हा सलाइन लागतेच आणि तेव्हा एक क्षणही घालवू नये, हेही त्यांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले.

उलटी थांबवणाऱ्या ओन्डानसेट्रॉन या औषधाची, वजनावरून ठरवलेली एकच मात्रा त्यांनी तिथेच दिली. ती पुन्हा मनाने द्यायची नाही, आणि मोठ्या माणसांचे जुलाब बंद करणारे औषध तर मुलाच्या तोंडाला लावायचेही नाही, अशी ताकीद दिली. अर्धा तास थांबून मग पाजायला सांगितले. हिशेब असा होता: दर किलो वजनाला पंचाहत्तर मिली, म्हणजे तिच्यासाठी सुमारे सातशे मिली, चार तासांत. मी तेवढ्यात भागाकार केला: दर पाच मिनिटांना पंधरा मिली, तीन चमचे. दवाखान्याच्या बाकावर बसून पहिल्या तासात दीडशे मिली गेले आणि एकही उलटी झाली नाही. तासाभराने त्यांनी पुन्हा तपासले आणि उरलेले घरी पाजायला परवानगी दिली, मात्र काही खुणा सांगितल्या ज्या दिसताच रात्र असो वा दिवस, थेट रुग्णालय गाठायचे. उलटीचा रंग हिरवा होणे, उलटीत किंवा शीमध्ये रक्त दिसणे, पोट फुगून ताठ होणे, आठ तास शू न होणे, हाक मारूनही मूल नीट जागे न होणे किंवा मान टाकणे, झटका येणे, आणि पिणे पूर्ण बंद होणे. मी त्या वहीच्या पानावर सर्वांत वर मोठ्या अक्षरांत लिहून घेतल्या.

दुपारी दीडपर्यंत सहाशे चाळीस मिली झाले होते, शिवाय अंगावरचे दूध तिने दोनदा घेतले. दूध बंद करायचे का, असे मी विचारले होते. डॉक्टरांनी उलट ते जास्त वेळा, पण थोडे थोडे द्यायला सांगितले. दोन वाजून वीस मिनिटांनी सासूबाईंनी लंगोट सोडला आणि कापसाचा बोळा उचलून मला दाखवला. तो पिवळा आणि जड होता. सतरा तासांनी झालेली ती लघवी होती. त्या बोळ्याकडे पाहताना आम्हा दोघींच्या डोळ्यांना पाणी आले, आणि थोड्या वेळाने नाक पुसल्याच्या रागाने मुलगी रडली तेव्हा तिच्याही गालावरून अश्रू ओघळला. असा अश्रू पाहून आनंद होण्याची माझ्यावर ती पहिलीच वेळ होती.

त्या दिवसांनंतर मी या साध्या पाण्याविषयी बरेच वाचले. मीठ आणि ग्लुकोज योग्य प्रमाणात एकत्र असले की आतड्याच्या पेशी ती दोन्ही जोडीनेच आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणी ओढले जाते. अतिसारातही हे दार बंद होत नाही. नुसत्या पाण्याने ते तितके उघडत नाही, आणि माझे फुलपात्र म्हणूनही अपुरे होते. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांमध्ये पटकी पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपत आल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबिस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे पाणी पिंपांत भरून ठेवले व ते पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांवर सोपवले. मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसच्या आसपास होते, ते चारच्याही खाली आले. २०२२ मध्ये ते वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला. मराठीत या द्रावणाला जलसंजीवनी म्हणतात. मला त्या हकिकतीत सर्वांत मोलाची गोष्ट वाटली ती ही की, जे काम तोवर नर्स आणि सुई यांचे समजले जात होते ते त्यांनी आयांच्या, बहिणींच्या हाती विश्वासाने दिले. सासूबाईंना मी हे सगळे वाचून दाखवले. त्यांनी वर्ष पुन्हा विचारले आणि आपल्या भावाचे वर्ष बोटांवर मोजले. ते त्याच्या आधीचे होते.

मंगळवारी संध्याकाळी उलट्या थांबल्या आणि अपेक्षेप्रमाणे जुलाब सुरू झाले, पहिल्या रात्री सात वेळा. इथे हिशेब बदलला: दोन वर्षांखालील मुलाला दर पातळ शीनंतर पन्नास ते शंभर मिली ओआरएस, आणि त्याखेरीज नेहमीचे पिणे. बुधवारी सकाळी तिने भूक दाखवली, तेव्हा सासूबाईंनी तांदळाच्या कण्यांची पेज केली, चवीपुरते मीठ घातले आणि चमच्याने भरवली. दुपारी मुगाच्या डाळीची अगदी मऊ खिचडी, संध्याकाळी ताज्या ताकातला गुरगुट्या भात, मध्ये कुस्करलेले केळे. पोटाला विश्रांती म्हणून उपास घडवायचा नाही, हे डॉक्टरांनी सांगितले होते आणि सासूबाईंना ते पुन्हा सांगावे लागले नाही. शेजारच्या काकूंनी शहाळे आणून दिले. ते दोनचार घोट दिले, पण त्यात सोडियम फार कमी असल्याने ओआरएसच्या जागी ते धरले नाही. ज्या घरी पाकीट नसेल तिथे एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट लहान चमचे साखर आणि अर्धा सपाट लहान चमचा मीठ घालून काम भागवता येते, पण चमचा सपाटच हवा. मीठ जास्त पडणे हे कमी पडण्यापेक्षा वाईट.

तिला जन्मानंतर सहा, दहा आणि चौदा आठवड्यांनी रोटाव्हायरसचे डोस मिळाले होते, म्हणून मी गाफील होते. लस गंभीर आजारापासून बरेच संरक्षण देते, पण उलट्याजुलाब घडवणारे विषाणू अनेक आहेत. गुरुवारी यजमानांना आणि शुक्रवारी मला तोच त्रास झाला. हाताला सॅनिटायझर लावून मी निश्चिंत होते. या विषाणूंसाठी साबण आणि वाहते पाणीच लागते. सासूबाई प्रत्येक लंगोट बदलल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धूत होत्या आणि घरात एकट्या त्याच आजारी पडल्या नाहीत.

वीस मिलिग्रॅम झिंकची गोळी रोज एक, चौदा दिवस, असे डॉक्टरांनी लिहून दिले होते. उलट्या पूर्ण थांबल्यावर, बुधवारी खिचडी पोटात गेल्यानंतर, पहिली गोळी चमचाभर पाण्यात विरघळवून दिली. जुलाब पाचव्या दिवशी थांबले आणि तेव्हा गोळ्या बंद कराव्यात असे यजमान म्हणाले. पण झिंकचा उपयोग चालू असलेल्या जुलाबांपुरता नसतो, आतड्याचे अस्तर भरून येण्यासाठी आणि पुढच्या काही महिन्यांत पुन्हा असा त्रास कमी व्हावा यासाठीही तो असतो, म्हणून आम्ही त्या थांबवल्या नाहीत. शेवटची गोळी ४ फेब्रुवारीला, रथसप्तमीच्या दिवशी दिली. त्याच दिवशी तिला वजनाला नेले. काटा नऊ किलो नऊशे ग्रॅमवर थांबला आणि सासूबाईंनी वहीच्या त्या पानावर, शेवटच्या ओळीखाली, स्वतःच्या हाताने तो आकडा लिहिला.